एसजीपीटी, जीजीटी थोडं वाढलंय: काळजी यकृताची करायची की हृदयाची?

मुळामुठा
कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला आहे. वय ४३. यकृताची एन्झाइम्स अशी: एसजीओटी ४१, एसजीपीटी ६८, जीजीटी ८२. सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं लिहून आलंय. तपासणीच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत विषय संपवला: तेलकट कमी करा, दारू घेत असाल तर सोडा. दारू मी घेत नाही.

नंतर या आकड्यांबद्दल वाचत बसलो, तर ठिकठिकाणी एकच गोष्ट समोर येत गेली. जीजीटी वाढलेल्या लोकांत पुढे हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त दिसतं. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी ५२ व्या वर्षी झाली, त्यामुळे हे वाचून झोप उडाली. यकृताच्या तपासणीवरून हृदयाचा अंदाज खरंच बांधता येतो का? येत असेल तर पुढे काय करायचं? इथे डॉक्टर मंडळी आहेत, लॅबमधली आहेत, आणि अनुभवी तर सगळेच आहेत. सविस्तर लिहा प्लीज.

वांगंभरीत
जीजीटी माझ्या रिपोर्टमध्ये कधी पाहिल्याचं आठवत नाही. वेगळं सांगावं लागतं का?

रक्तचंदन
मी पॅथॉलॉजिस्ट, आता निवृत्त. आयुष्य मिरजेत मायक्रोस्कोप आणि ॲनलायझरसमोर गेलं, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

वांगंभरीत, लॅबप्रमाणे फरक असतो. 'एलएफटी' (यकृताच्या तपासण्यांचा संच) म्हटलं की बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि प्रथिनं बहुतेक ठिकाणी मिळतात. जीजीटी काही जण त्यातच देतात, काही वेगळं लावतात. रिपोर्टवर एएसटी लिहिलं असेल तर ते एसजीओटी आणि एएलटी म्हणजे एसजीपीटी.

मुळामुठा, तुमच्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये ला ड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी दाखवलं की हार्ट अटॅक आल्यावर रक्तातलं एसजीओटी वाढतं. हृदयाचा स्नायू मरतो आणि त्याच्या पेशींतलं हे एन्झाइम बाहेर पडतं. काही तासांत चढतं, एक-दोन दिवसांत शिखराला पोचतं, चार-पाच दिवसांत उतरतं. रक्त तपासून हार्ट अटॅक ओळखायची सुरुवात इथूनच झाली. आज आपण ज्याला यकृताची तपासणी म्हणतो तिचं पहिलं मोठं नाव झालं ते हृदयरोगात. पुढे सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम), मग सीपीके-एमबी आणि शेवटी ट्रोपोनिन या तपासण्या आल्या, तसं एसजीओटी त्या कामातून मागे पडलं. मी नोकरीला लागलो तेव्हा छातीत दुखणाऱ्या पेशंटचं एसजीओटी रात्री-अपरात्री लावायची पद्धत अजून होती.

तुमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तुम्ही विचारताय ते आज धडधाकट असलेल्या माणसाच्या पुढच्या दहा-वीस वर्षांबद्दल. त्याचं उत्तर देण्याआधी बाकीचा रिपोर्ट टाका. बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), पूर्ण लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे रक्तातली चरबी), प्लेटलेट आणि टेपने मोजलेली कंबर. पँटचा नंबर सांगू नका, बेंबीच्या पातळीला टेप लावून मोजा.

तिरपागडे
जीजीटी वाढलं की घरच्यांचा पहिला संशय बाटलीवर. आमच्या काकांनी हयातभर ताकाखेरीज काही घेतलं नाही, तरी काकू त्यांच्या मित्रांची उलटतपासणी घेऊन आली.

चाफेकळी
तिरपागडे, हसू आलं, पण आमच्याकडे याच संशयाने फार नुकसान केलं.

आई इचलकरंजीची, शुद्ध शाकाहारी, दारूचा वासही माहीत नाही. एसजीपीटी कायम साठ-सत्तर. दरवेळी नवीन डॉक्टर आधी काही घेता का विचारायचे, आई ओशाळून जायची, आणि मग लिव्हर टॉनिकची बाटली लिहून मिळायची. ती बाटली संपली की दुसरी. यकृत या एका शब्दावर सगळ्यांची नजर अडकली होती. तिची साखर कुणी नीट पाहिली नाही, कोलेस्टेरॉल पाहिलं नाही. जबड्यात दुखतंय म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलो, तर तो हार्ट अटॅक निघाला. दवाखान्यात भरती केल्यावर एचबीए१सी ९.४ आला. म्हणजे मधुमेह कित्येक वर्षं अंगात होता.

सुदैवाने ती आज बरी आहे. पण यकृत बिघडलंय असं सांगणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच विचारणं असतं, साखर पाहिली का? मुळामुठा, तुम्ही हा प्रश्न वेळेवर विचारलात, बरं केलंत.

अणुरेणू
मी डॉक्टर नाही. आरोग्याच्या आकडेवारीवर काम करते, सध्या मुक्काम व्हिएन्ना. योगायोग असा की या विषयावरचा एक मोठा अभ्यास ऑस्ट्रियातलाच आहे. देशाच्या पश्चिम टोकाला फोरार्लबर्ग नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथे अनेक वर्षं लोकांची नियमित आरोग्य तपासणी होत आली. १,६३,९४४ प्रौढांची ही माहिती, सतरा वर्षांपर्यंतचा मागोवा, निष्कर्ष २००५ मध्ये आले. जीजीटी जितकं जास्त, तितकं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचं प्रमाण जास्त. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हिशोब वजा करूनही संबंध टिकला. लॅब ज्याला नॉर्मल म्हणते त्या मर्यादेच्या आतसुद्धा ही चढण दिसते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासाच्या दुसऱ्या पिढीतल्या सुमारे साडेतीन हजार लोकांतही जीजीटीचा संबंध मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, साखर, बीपी, रक्तातली चरबी एकत्र बिघडणं), हृदयविकार आणि मृत्यू या तिन्हींशी सापडला, ते २००७ साली प्रसिद्ध झालं. एसजीपीटीचं चित्र इतकं स्वच्छ नाही. नेदरलँड्समधल्या होर्न अभ्यासात संबंध दिसला, पण अनेक देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज मांडली की जीजीटी ठळक उरतं आणि एसजीपीटी फिकं पडतं.

सातारी_कंदी
मला हे सगळं पटत नाही. आज जीजीटी, उद्या आणखी कुठलं एन्झाइम. प्रत्येक गोष्टीचा हृदयाशी संबंध जोडायचा आणि '८० तपासण्या एका पॅकेजमध्ये' विकायचं. आमच्या तालुक्यातसुद्धा आता घरी येऊन रक्त नेतात. माणसाच्या हातात चार पानांचा रिपोर्ट पडतो, त्यात तीन ठिकाणी लाल अक्षर, आणि तो रात्रभर जागा. हृदयासाठी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू या चार गोष्टी पुरेशा आहेत. माझ्या गावात पन्नाशीच्या निम्म्या पुरुषांचं बीपी एकदाही मोजलेलं नाही. तिथे जीजीटीची चर्चा करणं हा शहरातल्या लोकांचा छंद आहे.

रक्तचंदन
सातारी, तुमचा राग रास्त आहे आणि बीपीबद्दलचं शब्दन् शब्द मान्य. ज्याने बीपी मोजलं नाही त्याने जीजीटीला एक रुपयाही देऊ नये. हृदयविकाराचा धोका काढायची जी गणितं डॉक्टर वापरतात, अमेरिकेतली घ्या, इंग्लंडमधली घ्या, युरोपातली घ्या, त्यांत यकृताच्या एन्झाइमला जागा नाही. बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, साखर, वय मांडून झाल्यावर जीजीटीने अंदाजात पडणारी भर फार थोडी असते.

पण उलट बाजूने पाहा. एलएफटी आपल्याकडे सर्रास होते. काविळीच्या शंकेने होते, ऑपरेशनच्या आधी होते, विम्यासाठी होते. आकडा आधीच कागदावर आलेला असतो. प्रश्न एवढाच की तो दिसल्यावर डॉक्टर काय करतो. टॉनिक लिहून पेशंटला वाटेला लावतो, की कंबर मोजतो, साखर पाहतो, बीपी घेतो? चाफेकळींच्या आईच्या बाबतीत आकडा कित्येक वर्षं समोर होता. फॅटी लिव्हरचे बहुतेक पेशंट यकृत निकामी होऊन जात नाहीत, त्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयविकार असतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, तेही याच कारणाने.

मुळामुठा
म्हणजे जीजीटीमुळे हृदयविकार होतो की दोन्ही तिसऱ्याच कशामुळे होतात? जीजीटी खाली आणलं तर धोका कमी होईल का?

अणुरेणू
पावसात छत्र्या वाढतात, पण छत्र्या मिटल्या म्हणून पाऊस थांबत नाही. जीजीटी बहुतांशी छत्री आहे.

'बहुतांशी' म्हणते, कारण दुसरी बाजू अगदी रिकामी नाही. जीजीटी पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसून ग्लुटाथायोन या पेशींच्या संरक्षक द्रव्याचे तुकडे करतं. त्यातून निघालेले पदार्थ लोहाच्या संगतीत एलडीएलचं (वाईट कोलेस्टेरॉलचं) ऑक्सिडेशन घडवू शकतात. इटलीत पिसाच्या संशोधकांना मानेच्या धमनीतून काढलेल्या चरबीच्या थरात काम करणारं जीजीटी सापडलं होतं. त्यामुळे ते निव्वळ बघ्याच्या भूमिकेत आहे असं म्हणवत नाही.

पण जनुकांचा पुरावा छत्रीच्या बाजूचा आहे. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार आहे, २००८ मध्ये सापडला. तो ज्यांच्यात असतो त्यांच्या यकृतात जन्मभर चरबी साठते, एसजीपीटी वाढलेलं राहतं. मग यांच्यात हृदयविकार भरपूर हवा. तसं दिसत नाही. टीएम६एसएफ२ या दुसऱ्या जनुकाच्या प्रकारात तर यकृत चरबी बाहेर सोडतच नाही. यकृताचं नुकसान होतं, पण रक्तातलं एलडीएल कमी राहतं आणि हृदयाला थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून यकृतात चरबी कोणत्या वाटेने आली ते पाहावं लागतं. पोट सुटलंय, इन्सुलिन नीट काम करत नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलंय, या वाटेने आली असेल तर तीच वाट हृदयाकडेही जाते.

गव्हाणी_घुबड
ताई, इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

डंबेलदास
एक मुद्दा राहिला. मी जिममध्ये वजनं उचलतो. मागे पायांचा जोरदार व्यायाम करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तर एसजीओटी १४० आणि एसजीपीटी ७०. डॉक्टरांनी सीपीके लावलं, तेही प्रचंड वाढलेलं. जीजीटी मात्र नॉर्मल. आठवडाभर विश्रांती घेऊन परत दिलं, सगळं जागेवर.

रक्तचंदन
उत्तम उदाहरण. एसजीओटी स्नायूत भरपूर असतं, एसजीपीटीही थोडं असतं. जीजीटी स्नायूतून येत नाही, म्हणून ते सोबत पाहिलं की उलगडा होतो. अजून एक आतली गोष्ट. रक्त काढताना शीर नीट सापडली नाही, सिरिंजने जोरात ओढलं, की लाल पेशी फुटतात. सिरम गुलाबी-लालसर दिसतं. त्या पेशींत एसजीओटी असतं, ते आकड्यात मिसळतं. असा नमुना चांगली लॅब परत मागवते. तेव्हा एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी, व्यायाम टाळून, पुन्हा करून पाहावं.

आणि नॉर्मल मर्यादेबद्दल. या मर्यादा एके काळी 'निरोगी' रक्तदात्यांवरून ठरल्या, आणि त्या रक्तदात्यांपैकी कित्येकांना फॅटी लिव्हर होतंच. २००२ मध्ये इटलीत असे लोक वगळून हिशोब केला तेव्हा एसजीपीटीची वरची मर्यादा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ निघाली. आपल्या रिपोर्टवर अजून ४५, ५०, ५५ असं छापलेलं असतं. सुटलेल्या पोटाच्या बाईचं एसजीपीटी ३८ असेल तर लाल अक्षर येणार नाही, पण मी तिला साखर तपासायला नक्की सांगेन.

आजीचा_बटवा
एवढं सगळं करण्यापेक्षा सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घ्या. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या घेतात.

वैद्यबुवा_नाही
बटवा, कृपा करून असं सरसकट सांगू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पेशंटची नोंद छापली होती, कोविडच्या काळात लोक महिनोन् महिने काढे पीत होते तेव्हाची. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला, हे खरं. पण ज्याचं एसजीपीटी आधीच ६८ आहे त्याने स्वतःच्या मनाने काढा सुरू केला आणि महिन्याने ते ३०० झालं, तर चरबीमुळे की काढ्यामुळे हे कुणी ओळखायचं?

आजीचा_बटवा
आमच्या घरी कुणाला त्रास झाला नाही म्हणून लिहिलं. यकृत आधीच बिघडलेल्याने विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मान्य.

टोकियोतला_तात्या
जपानमध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या सगळ्यांची सरकारी पद्धतीने दरवर्षी तपासणी होते, २००८ पासून. त्यात एसजीओटी, एसजीपीटी आणि जीजीटी तिन्ही असतात आणि कंबर टेपने मोजतात. पुरुषांना ८५ सेंटीमीटरची मर्यादा. पुढे गेलात की सल्लागार बसवून आहाराबद्दल बोलतो. यकृत, साखर आणि कंबर एकाच कागदावर असल्यामुळे कुणी फक्त यकृतावर अडकत नाही. माझ्या कचेरीत हे आकडे लोक एकमेकांना जेवताना सांगतात.

हडकुळा
कंबरेचा मुद्दा निघालाच आहे तर पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. मी अंगाने सडपातळ, मित्र काडीपैलवान म्हणतात, तरी फॅटी लिव्हर. विश्वास बसत नव्हता. मग केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपली माणसं वरून बारीक आणि आतून चरबीची असतात, आणि हे गर्भापासून सुरू होतं, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं.

त्यामुळे वजनकाटा पाहून निर्धास्त राहू नका. माझी कंबर ९१ भरली तेव्हा डोळे उघडले.

न्यूजर्सीचा_नाना
यकृताचे आकडे वाढले म्हणून लोक स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बंद करतात, ते सांगायचं राहून जातंय. माझ्या मेहुण्याला, तो नागपूरला असतो, स्टेंट घातल्यावर स्टॅटिन सुरू होतं. एसजीपीटी ७० आलं. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, गोळी यकृत खाते. त्याने कुणाला न विचारता गोळी सोडली. त्याच्या कार्डिऑलॉजिस्टला कळलं तेव्हा ते अक्षरशः खुर्चीतून उठले.

इथे अमेरिकेत एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांच्या यकृताच्या ठरावीक कालावधीने तपासण्या करायची अटच काढून टाकली. सुरू करताना एकदा, नंतर काही लक्षण दिसलं तर. ग्रीसमधला एक अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. आधीच हृदयविकार असलेले आणि यकृताचे आकडे थोडे बिघडलेले ४३७ जण. स्टॅटिन घेतलेल्यांत पुढे हृदयाचे झटके वगैरे १० टक्क्यांना, न घेतलेल्यांत ३० टक्क्यांना. आणि स्टॅटिनवाल्यांचे यकृताचे आकडे सुधारले. ज्यांना गोळीची सर्वांत जास्त गरज तेच ती यकृताच्या भीतीने टाळतात, हे पाहून जीव तुटतो.

रक्तचंदन
नानांना दुजोरा. आकडा मर्यादेच्या तिपटीच्या पुढे गेला, कावीळ दिसली किंवा सिरॉसिस (यकृत कायमचं घट्ट होणं) फार पुढे गेलेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची.

मडगावचो_पाव
आमच्या गोव्यात उलट अडचण. जीजीटी वाढलं की सगळे म्हणतात फेणी कमी कर, संपलं. माझा थोरला भाऊ खरोखर घ्यायचा. जीजीटी २१०. पूर्ण सोडली. आकडा हळूहळू उतरत दोन-अडीच महिन्यांत ९० वर आला आणि तिथेच अडकला. मग कळलं की उरलेला भाग पोटाचा आणि साखरेचा. दारू होती म्हणून बाकी काही नसेल असं धरून कुणी साखर पाहिलीच नव्हती. चाफेकळीबायच्या आईचं आणि त्याचं दुखणं शेवटी एकाच ठिकाणी आलं.

सायलीची_वेणी
माझा प्रश्न उलटा आहे. बाबांचं वय ८१, एसजीपीटी ९. जितकं कमी तितकं हृदय सुरक्षित, असं समजायचं का?

रक्तचंदन
नाही, सायली. उतारवयात फार कमी एसजीपीटी ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. वृद्धांच्या अनेक अभ्यासांत सगळ्यात कमी एसजीपीटी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं आहे. कारण यकृत नव्हे, अंगातलं बळ गेलेलं असतं. स्नायू झिजलेले, खाणं कमी, बी६ जीवनसत्त्व कमी. हे एन्झाइम बी६ शिवाय काम करत नाही, त्यामुळे मोजताना आकडा कमी येतो. बाबा खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतात का? वर्षभरात वजन उतरलं का? जेवणात डाळ, दूध, अंडं किती जातं? या गोष्टी पाहा. आकडा वर गेल्यावर सगळे धावतात, खाली गेल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून तुमचा प्रश्न मोलाचा.

पांढरी_टोपी
मी सीसीयूत (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात) सिस्टर आहे. हृदयाकडून यकृताकडे येणारा रस्ता मी रोज पाहते, तोही लिहिते. हृदय नीट पंप करत नसलं की रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं. पेशंट उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून सांगतो, जेवण जात नाही, पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो, मानेची शीर फुगलेली दिसते. यात बिलिरुबिन आणि जीजीटी वाढतं. आणि बीपी एकदम कोसळलं, यकृताला रक्तच मिळालं नाही, तर दुसऱ्या दिवशी एसजीपीटी तीन-चार हजार येतं. नातेवाईक घाबरून विचारतात, कावीळ झाली का? रक्तपुरवठा सुरळीत झाला की तो आकडा तितक्याच वेगाने उतरतो. म्हातारं माणूस, पाय सुजलेले, दम लागतोय आणि एलएफटी बिघडलेली, असं असेल तर यकृताच्या डॉक्टरआधी ईसीजी आणि टूडी इको करून घ्या.

मुळामुठा
सगळ्यांचे मनापासून आभार. बाकीचे आकडे जमवले. बीपी १३४/८६. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी ६.०. ट्रायग्लिसराइड २३६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल १४२. प्लेटलेट २.४ लाख. वजन ८४, कंबर टेपने ९८. सिगरेट नाही.

रक्तचंदन
आता चित्र पूर्ण झालं. आधी यकृताचं बघू. यकृतात व्रणाचे तंतू किती झाले असतील याचा अंदाज द्यायला फिब-४ नावाचं गणित आहे, वहीवर करता येतं. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे ४३ × ४१ = १७६३. खाली प्लेटलेट हजारांत, २४०, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, ६८ चं साधारण ८.२५. म्हणजे १९८०. भागाकार ०.८९. १.३ च्या खाली असल्यास यकृतात तंतू फार झाल्याची शक्यता कमी. म्हणजे यकृताबाबत आज घाई नाही. फायब्रोस्कॅनवर (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) लगेच खर्च करायची गरज मला दिसत नाही.

हृदयाचं मात्र तसं नाही. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या पाच कसोट्या आहेत. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९०, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ४० च्या खाली, बीपी १३०/८५, साखर १००. तुम्ही पाचही ओलांडल्या आहेत. शिवाय वडिलांना ५५ च्या आत हृदयविकार, म्हणजे तुमचा धोका गणिताने काढलेल्या टक्क्यापेक्षा जास्त धरायचा. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या रिपोर्टपुरतं असं: जीजीटी ८२ ने जे सुचवलं ते बाकीच्या पाच आकड्यांनी पक्कं केलं. दाखवायचं फिजिशियनला किंवा कार्डिऑलॉजिस्टला, आणि बोलायचं एलडीएल आणि बीपीबद्दल. लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) एकदा करून घ्या, ते घराण्यातून येतं आणि आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं.

सातारी_कंदी
रक्तचंदन काका, इथे मात्र मी तुमच्या बाजूला. पाचच्या पाच कसोट्या साध्या टेपने, बीपीच्या यंत्राने आणि दोन स्वस्त तपासण्यांनी निघाल्या. मुळामुठा, स्टॅटिन द्यायचं की थांबायचं यावर डॉक्टरांचं मन बनत नसेल तर कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) काढतात असं ऐकलंय. त्यांनाच विचारा.

डंबेलदास
वजनाबद्दल: ७ ते १० टक्के उतरलं की यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही बऱ्याच जणांत कमी होतात. तुमच्यासाठी सहा ते आठ किलो. एका महिन्यात नको, सहा-आठ महिन्यांत. रोजचं भरभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजनं. वजन न उतरताही व्यायामाने यकृतातली चरबी थोडी कमी होते, म्हणून काटा हलला नाही तरी सोडू नका.

चाफेकळी
आहाराचं आमच्या घरात जे चाललं ते लिहिते. 'तेलकट कमी करा' एवढ्याने आईला काही उपयोग झाला नव्हता, कारण ती तळलेलं खातच नव्हती. खरी गंमत साखरेत होती. दिवसाचे चार-पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, सोबत बिस्किटं, उन्हाळ्यात उसाचा रस आणि सरबत, आणि भाताचा डोंगर. साखरेतलं फ्रुक्टोज बहुतांशी यकृतात जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी बनते. चहा बिनसाखरेचा केला, रात्रीचा भात बंद करून ज्वारीची भाकरी, ताटात आधी पालेभाजी आणि मुगाची उसळ. तिचं एसजीपीटी आता २६ असतं आणि एचबीए१सी साडेसहाच्या आसपास. तिची स्टॅटिनची गोळी तशीच चालू आहे.

अणुरेणू
कॉफी पिणाऱ्यांत जीजीटी कमी आढळतं, हेही बऱ्याच देशांत दिसलं आहे. साखरेशिवायची हं. आवडत असेल तर प्या, औषध म्हणून नको.

पांढरी_टोपी
मुळामुठा, वडिलांना ५२ व्या वर्षी झालं म्हणता, मग भाऊ-बहीण आहेत का? त्यांचीही लिपिड, साखर आणि बीपी पाहायला हवं. आमच्याकडे चाळिशीतला पेशंट आला की आम्ही बाहेर बसलेल्या भावाचं बीपी तिथेच घेतो. बऱ्याचदा तेही वाढलेलं निघतं.

मुळामुठा
धाकटा भाऊ आहे, नाशिकला. वय ३८, तंबाखू खातो, लिपिड कधी केलेलं नाही. आत्ताच फोन केला. शनिवारी तो पुण्यात येतोय, दोघं एकाच फिजिशियनची वेळ घेतली आहे.